घमेलं आणि सुवार्ता

आमच्या नगरच्या घरी, बाहेरच्या खोलीत, पणजोबांचा एक फोटो आहे. मध्ये खुर्चीवर अमेरिकन मिशनरी साहेब, शेजारी मडमसाहेब आणि मागे पागोटं बांधून, हाताची घडी घालून पणजोबा. खाली इंग्रजीत साहेबांचं नाव, मडमेचं नाव आणि मग ‘व इतर’. आमचं घराणं म्हणजे ते ‘इतर’.

1813 साली हॉल आणि नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, 1831 साली त्यांच्या लोकांनी नगरला ठाणं मांडलं. तेव्हापासून मिशनच्या शाळेतली बाराखडी आणि मिशनच्या दवाखान्यातलं कडू औषध आम्ही मुकाट्याने घेत आलो. घेण्याचा आमचा अनुभव दांडगा, देण्याचा शून्य. त्यामुळे मी आता राहतो त्या अमेरिकेतल्या ओहायोत, आमच्या चर्चमध्ये एका रविवारी पाळकांनी विचारलं, “ग्वाटेमालाच्या खेड्यात सात दिवस चुली बांधायला कोण येतंय?” तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. दोनशे वर्षांनी पारडं फिरत होतं.

आईला फोन केला.

“आई, मी मिशनरी म्हणून चाललोय.”

“कुठे?”

“ग्वाटेमालाला. गरिबांच्या घरी निर्धूर चुली बांधायला.”

आई निवृत्त मास्तरीण. तिने आधी खर्च विचारला. माणशी अठराशे डॉलर, चौदा माणसं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, “अरे, आपल्या चर्चचे पत्रे तीन पावसाळे गळतायत. बायकांच्या बाजूला बादल्या लावून उपासना चालते. मिशनरीच व्हायचंय तर इकडे ये की.”

“आई, मिशनरी परदेशात जातो.”

“मग आत्ता कुठे आहेस तू?”

रेंज गेल्याचं नाटक करून मी फोन ठेवला.

तयारी जोरात झाली. चौदा जणांना झेंडूच्या रंगाचे टी-शर्ट मिळाले, पाठीवर बायबलमधलं वचन आणि बाहीवर वर्गणी देणाऱ्या दंतवैद्याचं नाव. प्रत्येकाच्या गळ्यात वीस स्पॅनिश वाक्यांचं प्लॅस्टिकबंद कार्ड. हॉलसाहेब तेरा वर्षं मुंबईत राहिले, मराठी शिकले, भाषांतरं केली आणि 1826 साली पटकीने गेले. आमच्या सात दिवसांतला एक तळ्यात बोटीने हिंडायचा होता आणि एक बाजारहाटाचा. पटकीच्या गोळ्या मात्र सगळ्यांकडे होत्या.

ग्वाटेमाला सिटीच्या विमानतळावरच माझी गडबड सुरू झाली. तेरा गोऱ्यांबरोबर एक सावळा माणूस म्हणजे तो गाइडच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. हमाल, टॅक्सीवाले, पैसे बदलून देणारे, सगळे माझ्याशीच भडाभडा स्पॅनिश बोलू लागले. मी कार्डावर बघून “मला स्पॅनिश येत नाही” असं स्पॅनिशमध्ये म्हणालो, तर एक टॅक्सीवाला पोट धरून हसला. त्याला वाटलं, मी साहेबलोकांसमोर भाव खातोय.

आमचं गाव आतितलान तळ्याच्या वरच्या अंगाला. तळं समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंच, आणि काठाशी तीन ज्वालामुखी पहारेकऱ्यासारखे उभे. तिथे पोचताच दोन शोध लागले. पहिला असा की, म्हाताऱ्या बायका स्पॅनिश नव्हे, काक्चिकेल बोलतात. ती तिथल्या माया लोकांच्या वीसेक भाषांपैकी एक. आमच्यातल्या एका भाविक बाईंनी छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून एका आजींना कार्डावरचं सातवं वाक्य ऐकवलं. त्यांना म्हणायचं होतं आठवं, ‘देवाचं तुमच्यावर प्रेम आहे’. सातवं होतं ‘संडास कुठे आहे’. आजींना दोन्ही सारखंच अगम्य असल्यामुळे बाईंची अब्रू वाचली.

दुसरा शोध असा की, आम्ही ज्यांना सुवार्ता सांगायला आलो होतो, त्यांच्या गावात चर्च होती पाच. कॅथलिक लोक चारशे वर्षांपासून होतेच. पुढे 1976 च्या फेब्रुवारीत इथे मोठा भूकंप झाला, तेवीस हजारांच्या आसपास माणसं गेली, मदतीबरोबर परदेशी मिशनंही आली आणि गल्लोगल्ली भक्तिस्थळं उभी राहिली. रविवारी आम्हाला त्यांतल्या एका ठिकाणी नेलं. तासाभरात उपासना उरकून कॉफीला पळणारी आमची मंडळी तिथे तीन तास अडकली. कर्णे एवढे मोठे की गिटार वाजली की बाक हलायचे. मी मात्र अगदी घरी असल्यासारखा बसलो. पेटी-तबला सोडला तर सगळं नगरसारखंच: वार्षिक सण असावा तसा दर रविवार, मागच्या बाकावर झोपलेली पोरं आणि पुढच्या बाकावरून मागे वळून डोळे वटारणाऱ्या काकू. शेवटी तिथल्या पाळकांनी डोळे मिटून, हात पसरून, पंचवीस मिनिटं अमेरिकेसाठी प्रार्थना केली. तिथली कुटुंबं सावर, म्हणाले, तिथले दारुडे सुधार. दुभाषा प्रामाणिक होता, त्याने काहीही गाळलं नाही. आमचे पाळक आमेन म्हणाले, पण जरा उशिरा.

आता चुलींबद्दल. तिथे पुष्कळ घरांत तीन दगडांवरच स्वयंपाक चालतो, धूर घरभर, भिंती काळ्या, बायका खोकताहेत. हे दृश्य मला नवं नव्हतं. आजी फुंकणी घेऊन अशीच बसायची. नवी चूल म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांचा ओटा, वर लोखंडी पत्रा आणि छपरातून बाहेर काढलेलं धुराडं. ऐकायला सोपं. पहिल्याच घरी मी थापी हातात घेतली आणि माझा अहंकार अर्ध्या तासात उतरला. मी रचलेला थर इतका तिरका होता की वर ठेवलेलं पातेलं आपल्या पायांनी दाराकडे निघालं. सोबतच्या गावातल्या गवंड्याने पाणसळ ठेवली, बुडबुड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच थापी काढून घेऊन हातात घमेलं दिलं. गवंडी तो आणि बिगारी मी, अशी वाटणी पुढचे सगळे दिवस टिकली.

दुपारी जेवताना तो उत्तम इंग्रजीत विचारता झाला, “ओहायोत कुठे राहता?” मी चकित. हा गडी आठ वर्षं आमच्याच राज्यात घरांची छपरं घालत होता, आमच्या शहरातले रस्ते त्याला माझ्याहून जास्त ठाऊक. “तिथे मी हे काम तासाला वीस डॉलर घेऊन करायचो,” तो म्हणाला. “तुम्ही हेच करायला पैसे भरून आलात?” मी होय म्हटलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. गरिबाचं सांत्वन करताना आपण ठेवतो ना, तसा.

त्या घरच्या बाईंनी नव्या चुलीवर पहिल्यांदा जे केलं, ते बघून मात्र मी बिगारीपणा विसरलो. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका वाटलेला, त्याचा गोळा दोन्ही तळव्यांत थापायचा, टप टप टप, तोच आजीच्या हातचा आवाज. तिथे त्याला तोर्तिया म्हणतात. मी मनातल्या मनात भाकरीच म्हटलं. सोबत बारकी, जहाल मिरची. मी ती तीन-चार वेळा मागून घेतली तेव्हा बायका तोंडाला पदर नसल्यामुळे हात लावून हसल्या. मी दुभाष्यामार्फत अभिमानाने सांगितलं की आमच्या नगरकडे याहून झणझणीत ठेचा असतो. सांगता सांगता जीभ चावली. मिरची गेली कुठून कुठे? याच बाजूच्या मुलखातून, पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्याकडे. मकाही यांचाच, टोमॅटोही इकडलाच. चारशे-पाचशे वर्षं यांच्याच परड्यातलं खाऊन आम्ही ठेच्याची मिजास करणार, आणि यांना द्यायला म्हणून आणलं काय, तर फुगे, बाहुल्या आणि चौदा जणांची हौस. मी कार्डावर नसलेला, गवंड्याने शिकवलेला एकच शब्द म्हटला: “मात्योश.” काक्चिकेलमध्ये आभार. उच्चार चुकला असावा, कारण बाई पुन्हा हसल्या आणि पाचवी मिरची वाढली.

निघेपर्यंत नऊ चुली झाल्या. आठ सरळ आहेत. नववीच्या वेळी गवंडी तापाने घरी होता.

परत आल्यावर महिन्याने चर्चमध्ये स्लाइड शो झाला. फुगे, बोट, ज्वालामुखी, मिठ्या. मग एक फोटो आला: झेंडूच्या रंगाचा टी-शर्ट धुळीने ओळखू येईनासा झालेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि मी दात दाखवून हसतोय. खाली मथळा: ‘आमच्या मदतीने भारावलेला एक ग्रामस्थ’. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “किती गोड माणूस, नाही?”

मी काही बोललो नाही. फोटो आता चर्चच्या व्हरांड्यात चौकटीत लावलेला आहे. आईला पाठवला, तर तिने उलट पणजोबांचा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘नाक तेच.’

नगरच्या पत्र्यांचे पैसे मी पाठवलेत, पण चढून बसवायला माणसं मिळत नाहीत म्हणते ती. वाचकांत कुणाला पाणसळ बघता येत असेल तर अवश्य जावं. पाऊस मृगाला सुरू होतो. टी-शर्ट मी देतो, माझ्याकडे एक जादा आहे; बाहीवर दंतवैद्याचं नाव आहे तेवढं चालवून घ्या.