डिकीतला दणका

शेजारच्या आजोबांचा नातू गाडी घेऊन लालबागच्या पुलाखालून वळला, की ते सगळ्यांत आधी आमच्या फळीवरच्या पातेल्यांना कळतं. मग खिडकीच्या तावदानांना. मग भिंतीवरच्या कैलासवासी मंडळींना, कारण त्यांच्या तसबिरी तिरक्या होतात. जिवंत माणसांचा नंबर शेवटी. गाणं कुठलं, हे मात्र गाडी जिन्यापाशी लागली तरी समजत नाही. बाई गातेय की बुवा, प्रेमगीत आहे की आरती, सगळं काचेआड राहतं. बाहेर येतो तो नुसता धडधडाट. बारीक सूर भिंतीशी अडतात, खर्ज अडत नाही. ५० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. आमची अख्खी खोली दहा फूट बाय बारा फूट! लाट घरात पुरती मावतही नाही. उभ्या उभ्या हजेरी लावून भिंतीतून पुढच्या बिऱ्हाडात जाते.

गाडी सेकंडहँड, हप्त्यावरची. तिच्या डिकीत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बारा इंची वूफर आणि त्याला जोडलेला अॅम्प्लिफायर. हे दोघं बसले की डिकीत काडेपेटीही शिरत नाही. त्यामुळे गणपतीला गावी जाताना मखर आईच्या मांडीवर असतं आणि परत येताना तांदळाची पिशवी आजोबांच्या. पाय पसरून प्रवास करतो तो एकटा वूफर.

“अरे, एवढा मोठा कशाला लावतोस?” मी एकदा विचारलंच.

“काका, बेस ऐकायचा नसतो, फील करायचा असतो.”

पोरगं अगदीच चुकीचं बोलत नव्हतं. खालच्या सुरांना माणसाचा कान मुळातच मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच त्याचे आलेख काढून ठेवलेत. म्हणून बेस ‘आला’ असं वाटेपर्यंत बटण फिरवत राहायचं, आणि तोवर पातेल्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. गंमत म्हणजे सरकारी मीटरही कानाच्याच मापाने बेतलेला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली खरी, पण त्या मोजणीत ५० हर्ट्‌झच्या आवाजाला सुमारे ३० डेसिबलची सूट मिळते. एवढी सूट दादरच्या दुकानात दिवाळीतसुद्धा देत नाहीत.

बेस एकटा कानाला कमी बाधतो, हेही खरं. पण तो एकटा राहतो कुठे? बाई त्यात बुडायला लागल्या की बाईंचा आवाज वाढवायचा, मग झांजा मागे पडल्या म्हणून त्या वाढवायच्या. १०० डेसिबलला पोचायला असा कितीसा वेळ? ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा कानाचा हिशेब सांगतात. म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. संध्याकाळी लालबागहून निघून दादर टी.टी. गाठायच्या आत दिवसाचा कोटा संपला. त्यात मधे हिंदमाता! २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी जाहीर केलेल्या शिक्षेच्या सिग्नलमध्ये हिंदमाताही होता. हॉर्नचा गोंगाट ८५ च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू. कल्पना झकास, पण आमच्या नातवाला ती बक्षीस वाटली असती. लाल दिवा लांबला तर आणखी एक गाणं! केईएम हॉस्पिटलच्या दारात मात्र तो आवाज कमी करतो. संस्कार आहेत. पुढे परळ नाक्यावर व्याजासकट वसूल करतो, ते वेगळं.

आजोबा कापडगिरणीच्या साचेखात्यातले. बासष्टपासून ब्याऐंशीच्या संपापर्यंत शेकडो साच्यांच्या खडखडाटात उभे. तिथे कोणी बोलत नसे. ओठ वाचायचे नाहीतर हातवारे करायचे. गोंगाटाने कान जातो तो आधी चार हजार हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे ‘स’, ‘श’ असली अक्षरं राहतात त्याच मजल्यावर. त्यामुळे आजोबांना ऐकू येतं, पण कळत नाही. सूनबाईंनी वाण्याकडून आणायला “शेवया!” असं आतून ओरडून सांगितलं, की आजोबा “जेवा या” ऐकतात आणि हात धुऊन पाटावर बसतात. गोंगाटाने येणारं बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेलं आहे. आजोबांचे कान निदान पगारात गेले. नातवाचे हप्त्यात चाललेत, वर जीएसटी.

परवा नातवाने आजोबांना पुढच्या सीटवर बसवून सिद्धिविनायकाला नेलं. मागे मी. मला वाटलं, म्हातारा वैतागेल. पण खालचे सूर त्यांच्या कानात अजून शाबूत! अख्ख्या चाळीत त्या वूफरचा खरा रसिक तेच निघाले. डॅशबोर्डवर तळवा टेकून डोळे मिटून बसले. पोर्तुगीज चर्चपाशी म्हणाले, “कुठेतरी बोल्ट ढिला आहे. डाव्या अंगाला.” नातवाने गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली, तर खरंच वूफरच्या डाव्या बाजूचा एक स्क्रू निम्मा बाहेर आलेला.

गाणं बंद केलं तसा नातू कानात करंगळी घालून हलवायला लागला.

“आजोबा, शिट्टी वाजतेय कानात. बंद होईल ना?”

आजोबांनी त्याचे ओठ नीट वाचले.

“होईल की,” ते म्हणाले. “सुरुवातीला होते बंद.”