आधी रील, मग कोर्ट

ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकच्या संशयितांना अचानक कंठ फुटला. पोलिसांच्या ताब्यातले भाई आणि दादा कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणू लागले, 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला!' पंचवटी कारंजापासून निमाणीपर्यंत मोबाइल तापले. लोक खूश झाले, आणि का होऊ नयेत? रात्री कोयता नाचवत गल्लीतल्या गाड्या फोडणारा सकाळी गोगलगाय झालेला कोणाला आवडत नाही? मलाही आवडला. पुन्हा लावून पाहिला.

अडचण एवढीच, की बालेकिल्ला ज्या कायद्याचा, त्या कायद्याला ही रील ऐकू येत नाही. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. हा नियम इंग्रजांनी 1872 च्या कायद्यात घातला (स्वतःच नेमलेल्या पोलिसांवर त्यांचा विश्वास किती, ते बघा) आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाने तो कलम 23 मध्ये जपून ठेवला. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू नका, असे राज्यघटनेचे कलम 20 सांगते. उद्या ओळखपरेड घ्यायची ठरली तर साक्षीदार कोणाला ओळखणार? आठवडाभर ज्याला व्हॉट्सॲपवर पाहिले, त्यालाच! आरोपीच्या वकिलाने ही रील केव्हाच सेव्ह करून ठेवली असेल.

तसा जागच्या जागी निकाल लावायचा नाद पंचवटीला जुनाच. शूर्पणखेचे नाक इथेच उडाले. सुनावणी झाली नाही. प्रकरण लंकेपर्यंत गेले ते पुढे.

याच पंचवटीत 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळात जाऊ द्या म्हटले म्हणून माणसे पकडली गेली. सरकारदरबारी तेही आरोपीच! त्या सत्याग्रहामागे उभे असलेले डॉ. आंबेडकर सप्टेंबर 1949 मध्ये घटना समितीत एक राहून गेलेले कलम घेऊन आले. तेच आजचे कलम 22. अटकेचे कारण सांगा, वकील करू द्या, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. कॅमेऱ्यापुढे उभे करा, असे त्यात कुठे सापडत नाही.

'अहो, पण गुंडांना कसले हक्क?' टपरीवरचा हा सवाल बिनतोड वाटतो. गुंड कोण हे आधीच ठाऊक असेल, तर तो बिनतोड आहेही.

पण जून 2003 आठवा. नाशिकजवळच्या शिवारात एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. शहर पेटून उठले, ते योग्यच होते. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशी केली. फेरविचाराचा पहिला अर्जही फेटाळला गेला. मग, 5 मार्च 2019 रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडले. सोळा वर्षांचे प्रत्येकी पाच लाख रुपये द्या, असे राज्य सरकारला सांगितले. तपास करणाऱ्या दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असेही बजावले.

सहांपैकी एक गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. हे ठरायला 2012 उजाडले. तोवर तो फाशीच्या यादीत!

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट पोलिसांच्याच कपाटात होती. वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो दाखवले होते. त्या चौघांनीच केले असेल असे मी म्हणत नाही. पण त्यांची साधी चौकशी झाली नाही, कारण सहा जण हाताशी होते आणि शहराला घाई होती. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत नेमके काय विचारायचे असते, तर हेच. ते वेळेवर कोणी कान देऊन ऐकले असते, तर सहा जण घरी गेले असते आणि पोलिसांना खऱ्या मारेकऱ्यांच्या मागे लागावे लागले असते. खरे मारेकरी मात्र सुटले. त्या बाईच्या घरातले पाच जण गेले, आणि त्या निकालानंतर तिच्या खटल्यात एकही आरोपी उरला नाही.