गळ्याशी आलेला खर्च

माणसाच्या अंगावर ऑपरेशनची खूण असावी तर ती पोटावर. शर्ट खाली ओढला की विषय संपला, आणि जवळचा पाहुणा भेटला तर वर करून दाखवताही येते. अपेंडिक्सवाले हे सुख वर्षानुवर्षं भोगतात. माझी खूण गळ्यावर आहे. कंठमण्याच्या खाली, आडवी, तीनेक इंचांची लाल रेघ. थायरॉइडमध्ये गाठ होती, ती काढली. तपासणीत निरुपद्रवी निघाली, घरात पेढे आले, आणि मंडळी निश्चिंत मनाने माझ्या गळ्याकडे बघायला मोकळी झाली.

ही रेघ नेमकी तिथेच का, याला इतिहास आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे सर्जन होते. थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना 1909 सालचं नोबेल मिळालं. कॉलर बसते त्या जागी, कातडीच्या आडव्या वळीतून छेद घ्यायची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बर्नमध्ये हे शोभतं. तिथे थंडी आहे, कॉलर आहे, कॉलरवर टाय आहे, टायवर मफलर आहे. मी पुण्यात एप्रिल महिन्यात मफलर गुंडाळून भाजी आणायला गेलो, तर भाजीवालीने मला कोथिंबीर दुरूनच दिली आणि पैसे डब्यावर ठेवायला सांगितले.

‘‘लोक काय म्हणतील?’’ असं बायकोचं म्हणणं. लोक काहीच म्हणत नव्हते, खरी अडचण तीच होती. एरवी मला पाहून मान फिरवणारे रिक्षावाले निमूट मीटर टाकू लागले. बँकेत माझ्यापुढचा तरुण ‘‘काका, तुम्ही आधी घ्या’’ म्हणाला आणि घेतलं की नाही ते बघायलाही थांबला नाही. न्हाव्याने तेवढं तोंड उघडलं. वस्तरा हवेत धरून त्याने रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली आणि जाणकाराच्या सुरात म्हणाला, ‘‘साहेब, ज्याने केलं त्याचा हात साफ आहे.’’

रत्नागिरीच्या आत्याला कळलं तेव्हा तिने मुठेलाचा गोळा पाठवला. कोकमाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या टाचांच्या भेगांना लावतात. आत्याच्या मते भेग ती भेग, ती टाचेची की गळ्याची हे तेलाला कसं कळणार? शेजारच्या वहिनींनी व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावायला सांगितल्या, सोसायटीतल्या निवृत्त मास्तरांनी हळद आणि साय. सगळ्यांचा मान राखायचा म्हणून मी सगळंच लावलं. महिनाभर माझ्या गळ्याला उकडीच्या मोदकासारखा वास येत होता आणि रेघ जशीच्या तशी लाल होती.

शेवटी बायकोने कातडीच्या एका क्लिनिकमध्ये वेळ घेतली. तिथे पेशंट नसतात, ‘क्लायंट’ असतात, आणि पाण्यात काकडीच्या चकत्या असतात. भिंगातून गळा तपासून झाल्यावर एका मुलीने पुढे कागद सरकवला. फ्रॅक्शनल लेझरची पाच सिटिंग, दर सिटिंगचे सहा हजार, आणि खाली बारीक अक्षरात 18 टक्के जीएसटी. वैद्यकीय उपचारांवर जीएसटी नसतो एवढं माझ्यातल्या निवृत्त कारकुनाला पक्कं ठाऊक होतं. मी सरसावून बसलो. ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, हे कॉस्मेटिक आहे. जन्मजात व्यंग असेल, इजा असेल, अपघात असेल, तर माफी.’’

‘‘गळ्यावर सुरी चालली, ही इजा नाही?’’

‘‘सर, तुम्ही त्याच्यावर सही केली होती.’’

विमा कंपनीही याच मताची निघाली. ऑपरेशनचं बिल तिने फारशी खळखळ न करता भरलं होतं. आता म्हणाली, सौंदर्योपचार पॉलिसीत बसत नाहीत; अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना असेल तर विचार करू. म्हणजे गाठ वाईट निघाली असती तर निदान अर्ज तरी करता आला असता. वाटलेल्या पेढ्यांचा हिशेब मला पहिल्यांदाच खटकला.

या नियमांत कावसजी मात्र चपखल बसला असता. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत बैल हाकणारा. 1792 च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे वर्षभर तो नाकाशिवाय हिंडला. मग आमच्या पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकीकत चित्रासह छापली. ती वाचून तिकडच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने बरीच वर्षं तयारी केली आणि 1814 मध्ये तशीच शस्त्रक्रिया करून दाखवली. कावसजीचं एक बरं होतं. त्याला नाक हवं की नको, यावर घरात चर्चा व्हायची गरज नव्हती.

आमच्याकडे ती रोज रात्री जेवताना होई. म्हणून दुसरं मत घ्यायला आम्ही एका वयस्कर प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी गळ्यावर अंगठा फिरवला, टाके कधी काढले ते विचारलं आणि म्हणाले, ‘‘इतकी घाई काय आहे? सिलिकॉन जेल लावा, हलका मसाज करा, उन्हापासून जपा. व्रण पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं. लाली उतरू दे, मग बघू.’’

बघू! आयुष्यभर ज्या एका शब्दापायी मी बोलणी खाल्ली, तो एक पदवीधर माणूस फी घेऊन उच्चारत होता. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिने डॉक्टरांना विचारलं, ‘‘पण कातडी पहिल्यासारखी होते ना?’’ ते म्हणाले, ‘‘मजबुतीच्या दृष्टीने पूर्वीसारखी कधीच नाही. फार तर 80 टक्के.’’ मला एसएससीला 61 होते. व्रणाचा मला प्रथमच अभिमान वाटला.

निर्णय खरं तर तिसऱ्याच ठिकाणी झाला. सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार आगाऊ रक्कम घेऊन पावसाळ्याच्या तोंडावर गडप झाला होता. एका सकाळी सेक्रेटरी घरी आले. ‘‘जरा माझ्याबरोबर चला. तुम्ही काही बोलू नका. वरचं बटण तेवढं उघडं ठेवा.’’ मी गेलो, त्यांच्या मागे दोन पावलं उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला घशात खवखवत होतं, म्हणून मी फक्त एकदा खाकरलो. कंत्राटदाराने माझ्या गळ्याकडे पाहिलं, खुर्ची पुसली आणि चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी आठच्या आत सिमेंटच्या गोण्या गच्चीवर चढत होत्या.

बायको बाल्कनीतून त्या मोजत होती. सगळ्या चढल्यावर आत येऊन म्हणाली, ‘‘लेझरचं राहू दे सध्या. आणि ऐका, तो स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांवाला दिवाळीपासून फोन उचलत नाहीये. त्याच्याकडे जाताना तो बिनकॉलरचा टी-शर्ट घाला.’’