काट्यावरचे नाना

मे महिना लागला की माजलगावात दोन रांगा लागतात. धरण उशाला असूनही एक टँकरपुढं लागते आणि दुसरी बेकरीच्या भट्टीपुढं. टँकरच्या रांगेत भांडणं असतात, भट्टीच्या रांगेत नाना असतात.

नाना ही काही आमच्या गल्लीची मक्तेदारी नव्हे. गेवराईला आहेत, केजला आहेत, अंबाजोगाईला तर दोन-तीन असावेत. कुठं त्यांना अण्णा म्हणतात, कुठं तात्या, कुठं गुरुजी. ओळखायची खूण एकच. घरचं सामान देऊन बिस्किटं करून घ्यायला आलेले बाकीचे लोक डबा ठेवतात, चिठ्ठी घेतात आणि ‘सांच्याला येतो’ म्हणून निघून जातात. हा माणूस डब्याजवळ थांबतो.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना हा प्रकार ठाऊक नसेल. आमच्याकडं बिस्किटं दोन जातीची. एक पुड्यातली, ती पाहुण्यांची. दुसरी भट्टीवरची, ती घरची. मैदा नाहीतर कणीक, साखर, डालडा, विलायची असं सगळं घरून न्यायचं. भट्टीवाला आपली पावडर टाकून पीठ मळतो, यंत्रातून नक्षीच्या पट्ट्या पाडतो, ट्रेमध्ये मांडून आत सारतो आणि किलोमागं मजुरी घेतो. लाकडाच्या आचेवर भाजलेली ही बिस्किटं पत्र्याच्या डब्यात भरून ठेवली की पावसाळ्यापर्यंत टिकतात. टिकतात म्हणजे टिकली असती, पण पोरं सुट्टीला आलेली असतात.

तर आमचे नाना. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी झाली. उसाची गाडी भरलेली मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. काट्यावर बसलेल्या माणसाकडं अख्खा तालुका संशयानं बघतो. शेतकऱ्याला वाटतं काटा मारला, गाडीवाल्याला वाटतं काटा मारला, टोळीच्या मुकादमाला तर वाटायचीही गरज नसते, त्याची खात्रीच असते. नानांनी हा संशय वर्षानुवर्षं अंगावर घेतला आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून व्याजासकट जगाला परत करायला सुरुवात केली. दूधवाल्याचा फेस खाली बसेपर्यंत ते पातेलं उचलू देत नाहीत. गॅसची टाकी १४.२ किलोची भरते की नाही, हे टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन वजा करून बघतात. आता तर गॅसवाला पोरगा त्यांच्या दारात आला की स्वतःच ताणकाटा मागतो.

भट्टीवर येताना नानांच्या डब्यावर तीन ठिकाणी रंगानं नाव असतं. झाकणावर, अंगावर आणि बुडावर. झाकण बदलता येतं, अंग खरवडता येतं, बूड मात्र कोणी बघत नाही, हा त्यांचा अनुभव. डालड्याच्या गोळ्यावर ते बोटानं स्वस्तिक काढून आणतात. दुसऱ्याचा डालडा आपल्या पिठात गेला तर स्वस्तिकावरून कळावं म्हणून. परातीत पडल्यावर स्वस्तिक कसं ओळखणार, हे विचारायची सोय नाही. सून सांगते की आता डालड्यातल्या त्या वाईट चरबीवर सरकारनं २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातलीय, तेव्हा तूपच वापरू. नाना म्हणतात, “दोन टक्के म्हंजे किती ग्रॅम, ते मोजून कोन बगितलं?”

दूध ते देत नाहीत. दुधात पाणी असतं आणि पाण्याचा हिशेब लागत नाही.

गेल्या मेमधला प्रसंग. चार किलो मैदा, तीन किलो साखर, तीन किलो डालडा, मिळून दहा किलो माल नानांनी भट्टीवाल्या भाईंच्या काट्यावर मोजून दिला. त्याआधी शेजारच्या किराणा दुकानातून किलोचं वजन आणून भाईंचा काटाही मोजून घेतला. दिवसभर भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले. बाहेर बेचाळीस डिग्री, आत विचारायलाच नको. भाईंनी लांब दांड्याच्या फावड्यानं ट्रे ओढला की नाना एक पाऊल पुढं, सारला की एक पाऊल मागं. संध्याकाळी बिस्किटं काट्यावर चढली. साडेनऊ किलो.

“अर्धा किलो कुठं गेलं?”

“पानी उड गया, नाना.”

“पानी मी दिलंच न्हवतं!”

यावर भाईंकडं उत्तर नव्हतं, खरं तर होतं. मैदा हाताला कोरडा लागला तरी त्यात शेकडा बारा-तेरा भाग पाणी असतंच. चार किलो मैद्यात अर्धा किलो पाणी नाना स्वतःच डब्यात घालून घेऊन आले होते. पण भट्टीवर शास्त्र सांगायची वेळ नसते, मागं पंचवीस डबे असतात.

“आन् तुमी टाकलेली पावडर? ती तरी वजनात याया पायजे.”

“वो बी उड गई.”

हेही शंभर टक्के खरं. बेकरीवाले ज्याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात ती पावडर तापली की सगळीच्या सगळी वायू होऊन जाते, बिस्कीट फुगवते आणि मागं काही ठेवत नाही. गरम ट्रेवर वाकलं तर नाकाला झोंबतो तो तिचाच वास. नानांना मात्र एका दिवसात दोन गोष्टी उडाल्या म्हणून सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. काट्यावर असताना त्यांनीही अशा सबबी सांगितल्या असतील की नाही, मला माहीत नाही.

गंमत अशी की उताऱ्याचा हिशेब नानांना तोंडपाठ. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघाली की कारखाना खूश. सरकार उसाचा दर, म्हणजे एफआरपी, ठरवतं तेव्हा पायाभूत उतारा धरतं १०.२५ टक्के. उरलेले नव्वद किलो कुठं गेले, असं नानांनी उभ्या नोकरीत कोणाला विचारलं नाही. चिपाड, मळी, वाफ, सगळं त्यांना मान्य. इथं भट्टीनं पंच्याण्णव टक्के उतारा दिला, तर उरलेल्या पाचासाठी माणूस पोलिसात जायच्या बेतात.

रांगेत उसतोडीवरून परत आलेली एक मावशी होती. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. घराला कुलूप लागतं, लेकरं आजीकडं नाहीतर फडावर. हंगाम संपवून परतल्यावर त्यांच्या सहा महिन्यांच्या हौशी मग अशा एका डब्यात बसवायच्या असतात. मावशीनं डबा ठेवला आणि भाईंनी सांगितलं ते वजन ऐकून घेतलं. नानांनी तिला मोठ्या आस्थेनं विचारलं, “तिकडं काटा कसा हाय, मावशी?”

“तुमच्यावानीच,” ती म्हणाली.

नाना दोन दिवस ही तारीफ गल्लीत सांगत होते.

यंदा मात्र पुण्याची नात आली ती मोबाइलमध्ये कुकीज घेऊनच. “नाना, फक्त वीस मिनिटं. भट्टी नको, काही नको. मैदा, साखर, बटर. बास.” नानांच्या कानांनी यातले दोनच शब्द टिपले, साखर आणि ‘भट्टी नको’. म्हणजे मजुरी नाही, घट नाही, भाई नाही. सकाळी नवाला ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. काकूंनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, देवापुढं दिवा लावला, तो कशासाठी हे सांगायला नको.

पहिली अडचण ‘वाटी’ची. एक वाटी मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी लोणी, चिमूटभर बेकिंग पावडर.

“वाटी कोन्ती? आमटीची का खिरीची?”

“कोणतीही चालते नाना, सगळ्याला एकच घ्यायची.”

प्रमाण हा विषय पोरीला कळत होता, नानांना वजन हा एकच विषय कळत होता. सोनाराकडं असतो तसला छोटा काटा बाहेर आला. मैदा १२० ग्रॅम, साखर ६०, तूप ११०, सगळं वहीत चढलं. नातीनं कच्च्या पिठाचं बोट चाटलं तर तिच्या नावापुढं ‘उचल, १० ग्रॅम’ अशी नोंद झाली, पण ते पुढं.

दुसरी अडचण पिठीसाखरेची. घरात सभासदाची साखर, दाणेदार, चांगली पोतंभर. बिस्किटात असली टपोरी साखर नीट विरघळत नाही, म्हणून दळलेली हवी. दुकानातली दळलेली साखर आणायला नानांचा विरोध. “दाना दिसत न्हाई त्या मालावर इश्वास ठिवायचा न्हाई.” साखर मिक्सरमध्ये घातली आणि लाइट गेली. परळीला १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र आहे, आमच्या जिल्ह्यातच आहे, २०१५ साली ते पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं हेही आम्हाला पाठ आहे. पण मिक्सर फिरवायचं बटन दाबायला आणि लाइट जायला एकच मुहूर्त कोण काढतं, ते अजून कळलेलं नाही. काकूंनी खलबत्ता काढला.

तिसरी अडचण हवामानाची. मोबाइलमधली बाई सांगत होती, लोणी ‘रूम टेंपरेचर’ला असू द्या. तिच्या खोलीत बहुधा बर्फ पडत असावा. आमच्या खोलीत मे महिन्यात तूप म्हणजे निव्वळ तेल. आणि ते घट्ट असणं गरजेचं, कारण घट्ट तूप साखरेबरोबर फेटलं तरच त्यात हवा अडकते, पातळ तुपात ती थांबत नाही आणि बिस्किटाला खुसखुशीतपणा येत नाही. मग तुपाची वाटी बंद फ्रिजमध्ये ठेवली आणि आतला उरलासुरला गारवा जाऊ नये म्हणून नाना दाराला पाठ लावून उभे राहिले. पाणी प्यायला आलेल्या धाकट्या नातवाला त्यांनी माठ दाखवला. तासाभरानं तूप जरा दाटलं. सुनेनं ते साखरेबरोबर हातानं असं फेटलं की पांढरंशुभ्र झालं. नातीनं मैदा मिसळून गोळे वळले. बरोबर चौदा.

“आता ओव्हन एकशेऐंशी डिग्रीला तापवायचा,” नात म्हणाली.

“आपलं बेचाळीस हाय,” नाना म्हणाले. “त्याच्या चौपटीच्या वर? कोन्त्या गावाला?”

लाइटच नव्हती, त्यामुळं ओव्हनचा प्रश्न मिटला. सुनेनं जुना कुकर घेतला. शिट्टी काढली, रिंग काढली, तळाला जाड मीठ पसरलं, त्यावर कडं, कड्यावर ताटली. दहा मिनिटं कुकर तापवला, मग बारीक गॅसवर पंधरा-वीस मिनिटं. मीठ घालताना नानांनी ते मोजून घेतलं होतं आणि गार झाल्यावर पुन्हा मोजलं. जेवढ्यास तेवढं. मिठाचा उतारा शंभर टक्के. त्या दिवसात नाना पहिल्यांदा हसले ते मिठाकडं बघून.

घोटाळा झाला तो झाकण उघडल्यावर. बिस्किटं कडेनं किंचित लालसर, मध्ये फिकी आणि मऊ. ती तशीच असायला हवीत, कारण आतली साखर गरम असेपर्यंत सैल असते आणि गार होताना कडक धरते. दहा मिनिटं हात लावू नका, असं मोबाइलमधली बाई घसा फोडून सांगत होती. नानांनी अंगठ्यानं पहिलं दाबलं. “कच्चं हाय.” दुसरं दाबलं. “हे बी.” भरलेल्या गाडीतली एखादी मोळी उपसून बघायची आणि उरलेला ऊस तसाच असेल म्हणायचं, ही सवय त्यांना नव्हती. चौदाच्या चौदा दाबून झाली तेव्हा ते शांत झाले.

गार झाल्यावर बिस्किटं कुरकुरीत निघाली आणि प्रत्येकाच्या मधोमध नानांचा अंगठा. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी बरणीतला गुलकंद घेतला आणि प्रत्येक खड्ड्यात चिमटी-चिमटी भरला. संध्याकाळी शेजारणी आल्या. डिझाइन फार छान म्हणाल्या, साचा कुठून आणला म्हणाल्या. नातीनं मोबाइल काढून दाखवलं, असल्या कुकीज परदेशात मुद्दाम करतात, मध्ये जाम भरतात. नाना ताठ झाले. जन्मभर पावत्यांवर लोकांचे अंगठे घेतलेला माणूस, पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा अंगठा कुणी कौतुकानं बघत होतं.

वीस मिनिटांचं काम साडेबाराला संपलं होतं, हे कोणीतरी काढलं. “मदला येळ धरायचा न्हाई,” नाना म्हणाले. “नंबर लागंपत्तुर गाडी हुबीच असती.”

पुढच्याच आठवड्यात ते पुन्हा भट्टीवर दिसले. डबा तोच, स्वस्तिक तेच. फक्त यंदा पट्ट्या नकोत, गोल बिस्किटं हवीत आणि अर्धी भाजली की बाहेर काढून प्रत्येकाला मध्ये अंगठा दाबायचा, अशी त्यांची नवी मागणी. भाईंनी दहा किलो मालाकडं बघितलं, स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं.

“अंगूठे का पैसा अलग लगेगा, नाना.”

“मंग अंगठा मी लावतो. तेवढी मजुरी कापा.”

“लगाव,” भाई म्हणाले आणि फावडं त्यांच्यापुढं धरलं. “पर फिर घट बी तुमारीच.”