कुरडयांची बॅच

पोहायला दोन गोष्टी लागतात, ऊन आणि पाणी. नागपूरच्या बेसात दोन्ही मुबलक आहेत, फक्त एकाच महिन्यात नाहीत. ऊन मार्चपासून मृगापर्यंत हात राखून न ठेवता मिळतं. पाणी जुलैत येतं आणि आधी पार्किंगमध्ये जातं.

नागपूरच्या उन्हाची ओळख करून द्यायला नको. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि त्या दुपारी आपण कुठे होतो हे प्रत्येक नागपूरकर छातीठोकपणे सांगू शकतो, कारण सगळेच कूलरसमोर होते. २०२४ च्या मे अखेरीस तर हवामान खात्याच्या इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. खात्याने मागाहून खुलासा केला की यंत्र बिघडलं होतं. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर हा खुलासा अजून मान्य झालेला नाही. "मशीन नाही बिघडली बे, तिनं पहिल्यांदा खरं सांगतलं."

अशा गावात माणसाला मानेपर्यंत पाण्यात बसावंसं वाटलं तर त्याला चैनी म्हणू नये. आणि पाणी नाही असंही नाही. गोंड राजा चांद सुलतानाने शुक्रवारी तलाव बांधला. भोसल्यांनी फुटाळा बांधला. अंबाझरीने एके काळी शहराला पाणी पाजलं. राजे लोक तळी खोदून गेले, आपण त्यांच्या काठावर चौपाट्या केल्या. फुटाळ्यावर भुट्टा खात पाण्याकडे बघता येतं. मध्यंतरी तिथे संगीत कारंजी बसवली. म्हणजे नाचायचं तेही पाण्याने, आपण काठावर. पाण्यात उतरायला मनाई असल्याचे फलक मात्र सगळीकडे न चुकता आहेत. तक्रार करायलाही तोंड नाही. गणपतीबाप्पालासुद्धा हल्ली तलावाऐवजी महापालिकेच्या कृत्रिम टाक्यात निरोप देतात. बाप्पा टाक्यावर भागवतो, मग भक्ताने तलावाचा हट्ट का धरावा?

टाकं म्हणाल तर शहरात आहे. अंबाझरीकडे सुधार प्रन्यासचा जलतरण तलाव आहे, तिथे पोहून कित्येक पिढ्या तयार झाल्या. समुद्रापासून इतक्या लांबच्या या गावातल्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेचं सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा नागपूरकराला पोहता येत नाही असं कोणी म्हणू नये. प्रश्न बेसाचा आहे. बेसा म्हणजे नागपूरच, पण महापालिकेच्या हद्दीबाहेरचं. आधी ग्रामपंचायत होती, आता बेसा-पिपळा नगरपंचायत. इथून पहाटे पाचला निघायचं, शहर ओलांडायचं, सकाळच्या बॅचला पाऊण तास हातपाय मारायचे आणि परत यायचं. मनीषनगर येईस्तोवर डोकं वाळतं, बेसा चौक येईस्तोवर पुन्हा ओलं होतं, या वेळी घामाने. ज्या उकाड्यातून सुटायला गेलो, तो सिग्नलवर उभा राहून वाट बघत असतो.

दुसरा उपाय वॉटर पार्क. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सावनेरकडे, वाकीच्या बाजूला द्वारका आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरचं निम्मं नातंगोतं तिथे कमरेइतक्या पाण्यात उभं असतं. भोंगा वाजला की लाटा सुटतात आणि इतका वेळ मावशीचा हात धरून उभी असलेली मंडळी एकदम कोणाच्याही मावशीचा हात धरतात. तिथे पोहत कोणीच नाही. चष्मा शोधत असतात.

म्हणून तर बेसात फ्लॅट घेताना आम्ही पूल बघून घेतला. ब्रोशरच्या पहिल्याच पानावर स्विमिंग पूल होता. आकाशी रंगाचं पाणी, काठावर नारळाची झाडं आणि त्याखाली गॉगल लावून पहुडलेलं एक गोरं कुटुंब. हे कुटुंब आजतागायत राहायला आलेलं नाही. नारळही नाही. पूल आहे, खरंच आहे: तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, चार फूट खोल. आकाशी आहेत त्या फरश्या.

पहिल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत "पूल कधी भरणार?" असा प्रश्न निघाला, तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका उठले. आयुष्यभर धरणांचे हिशेब केलेला माणूस, त्यांना एवढंसं गणित म्हणजे चण्याफुटाण्यासारखं. "अठराशे घनफूट. म्हणजे एकावन्न हजार लिटर. पाच हजारी टँकर धरा, दहा टँकर आणि वर बादल्या." सभा गप्प झाली. "आणि नवतपात बोटभर पाणी रोज उडून जाईल, ते वेगळं." त्या आठवड्यात आम्ही प्यायच्या पाण्यासाठी टँकरवाल्याच्या हातापाया पडत होतो. बोअर आटली होती. फोनवर तो आमच्याशी ज्या आवाजात बोलायचा, त्या आवाजात फक्त मुलाकडचे बोलतात. अशा माणसाला "दहा टँकर पाठवा, पोरांना डुंबायचंय" हे कोणी सांगायचं? अध्यक्षांनी सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरींनी पंख्याकडे.

या सगळ्या प्रकारात खरा पोहणारा एकच, आमचा वॉचमन. तो मूळचा याच भागातला. एकदा रात्री लाइट गेले म्हणून खाली खुर्च्या टाकून बसलो होतो, तेव्हा त्याने टॉर्चचा झोत गाडीवर मारून दाखवलं. "साहेब, तुमची गाडी हाय नं, तिथं विहीर होती. बाजूला संत्र्याचा बगीचा. आमाले काकानं पाठीले डबा बांधून देल्ला ढकलून." किती खोल होती, विचारलं. "कोनाले मालूम? खाली पाय लागला असता तं पवाले शिकलो असतो का?" मग त्याने पूलच्या दिशेने टॉर्च नेला, चार फुटांवरून फिरवला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "हे बी बरं हाय. लेकराईले बरं हाय."

लेकरांनी पूल ताब्यात घेतला होताच. कोरड्या पूलमध्ये अंडरआर्म क्रिकेट फार उत्तम होतं. चारी बाजूंना भिंती, चेंडू गटारात जायची भीती नाही, काठाबाहेर मारला की आउट. उताराच्या बाजूने गोलंदाजी करणाऱ्याला थोडा फायदा मिळतो, पण त्यावर त्यांचे त्यांचे नियम आहेत. एक पोरगा गॉगल आणि टोपी घालून विकेटकीपिंग करायचा. त्याच्या आईने स्विमिंग किट घेऊन ठेवलं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून.

एके दिवशी मात्र सकाळी सातला पोरं खाली गेली आणि तशीच वर आली. पूलमध्ये कुरडया होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जुनं धुवट लुगडं फरश्यांवर अंथरून त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या होत्या, ओळीने, मोजल्यासारख्या. गच्चीवर वारा सुटला की धूळ बसते, कबुतरं येतात; इथे चार फूट खाली वाऱ्याची झुळूकही नाही आणि खालून फरशी तापलेली. दोन दिवसांत खडखडीत! ही बातमी तिन्ही विंगमध्ये पसरायला तासही लागला नाही. आठवड्याभरात मुगाच्या वड्या आल्या, बटाट्याच्या चकत्या आल्या, उताराच्या कोपऱ्यात कुणीतरी वर्षाचं तिखट करायच्या मिरच्या ओतल्या. काठावर बिल्डरच्या काळचा फलक तसाच उभा होता: 'नायलॉनचा पोशाख सक्तीचा. आत उतरण्यापूर्वी अंघोळ करावी.' आजींनी त्यातली दुसरी सूचना मनावर घेतली होती. पारोशा बाईला त्या पायरीवरूनच परत पाठवत.

क्रिकेट आणि कुरडया यांचं जमेना, तेव्हा सेक्रेटरींनी ब्रोशरसोबत आलेलं छापील वेळापत्रक शोधून काढलं. सकाळी सात ते अकरा लेडीज बॅच, संध्याकाळी पाच ते सात चिल्ड्रन. तेच चिकटवलं. एक अक्षर बदलावं लागलं नाही. मिरच्यांचं वाळवण रात्रभर राहतं, त्याला जनरल बॅच धरतात.

गेल्या मे महिन्यात एक नवे भाडेकरू सभेला आले. पुण्याकडचे असावेत, फार व्यवस्थित बोलत होते. ते म्हणाले, आपण सगळ्यांनी थोडी थोडी वर्गणी काढली तर दहा टँकर काही अशक्य नाहीत, एवढी चांगली सुविधा पडून आहे. पाटबंधारेवाले काका खूश झाले, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा धरण भरायला मिळणार होतं. तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला.

"पाणी कवा सोडता म्हनता?"

"रविवारी, आजी."

"मंग माह्या सरगुंड्याईचं काय?"

भाडेकरूंना सरगुंडे म्हणजे काय ते विचारायचं होतं, पण त्यांच्या पत्नीनेच त्यांना खाली बसवलं. तिच्या शेवया बुधवारपासून खाली होत्या. पूल आषाढात, वाळवणं डब्यात गेल्यावर भरावा, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. आषाढात पावसामुळे पूल बंद ठेवावा, हा ठराव आदल्या वर्षी मंजूर झालेला होताच. सेक्रेटरींनी दोन्ही एकाच पानावर लिहिले आणि पुढचा विषय घेतला, लिफ्टचा.