हयातीचा दाखला

७ मार्च २०१८ रोजी जगभरातले ऑक्युलस रिफ्ट हे आभासी वास्तवाचे हेडसेट एकाच दिवशी बंद पडले. भिंगं शाबूत, पडदे शाबूत, तारा शाबूत. कुणाच्या हातून पडला नव्हता, कुणी त्यावर चहा सांडला नव्हता. झालं इतकंच, की त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एका फाइलवर जी डिजिटल सही होती, तिच्या प्रमाणपत्राची मुदत उलटून गेली आणि ते वेळेत कुणाच्या ध्यानात आलं नाही. विंडोजने तारीख पाहिली आणि फाइलला दारातूनच परत लावलं. आपल्याकडच्या कुठल्याही निवृत्त माणसाला ही हकिकत ओळखीची वाटेल. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा दाखला त्याला द्यावा लागतो. न दिला तर पेन्शन थांबते, मग तो रोज टेकडी चढून येत असला तरी. रिफ्टचा नोव्हेंबर मार्चात आला, एवढंच.

पुढचा भाग तर अस्सल कचेरीतला. दुरुस्ती ज्या प्रोग्रॅममधून आपोआप यायची, तो प्रोग्रॅमच त्या फाइलवाचून उघडत नव्हता. मग काही चतुर मंडळींनी संगणकाचं घड्याळ काही दिवस मागे नेलं आणि हेडसेट निमूट चालू झाला. (पेन्शनरांनी हा उपाय करून पाहू नये.) कंपनीने लवकरच वेगळी दुरुस्ती काढली, माफी मागितली आणि आपल्याच दुकानात खर्चायला १५ डॉलर दिले.

रिफ्ट वाचला, कारण तो विसरभोळेपणाचा बळी होता. ठरवून निरोप दिलेल्यांची गोष्ट निराळी. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज मिक्स्ड रिॲलिटी’ आणलं आणि एसर, डेल, एचपी, लेनोवो, सॅमसंग अशा सगळ्यांनी त्यासाठी हेडसेट बनवले. तो डोक्याला लावला की आपण एका कड्यावरच्या घरात उभे. ऐसपैस खोल्या, समोर मोकळं आकाश, भिंतीवर हव्या त्या खिडक्या टांगायची मुभा, आणि मेंटेनन्स शून्य. पुण्यामुंबईच्या माणसाला आयुष्यात एवढं एकच प्रशस्त घर परवडणार होतं! डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने हे सारं बंद करायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. घर पाडलं म्हणावं, तर विटेचा तुकडाही मागे राहिला नाही.

एचपीचा रिव्हर्ब जी२ हा त्यातला सगळ्यात देखणा. २०२०चा जन्म, किंमत ५९९ डॉलर, दर डोळ्यासमोर २१६० गुणिले २१६० ठिपके. घरात बसून विमान उडवणाऱ्यांचा तो फार लाडका, कारण त्यातून कॉकपिटमधले काटे नीट वाचता येत. हेडसेटवरचे चार कॅमेरे खोली न्याहाळतात आणि डोकं कुठे वळलं याचा हिशेब संगणकातलं सॉफ्टवेअर करतं. ते सॉफ्टवेअरच गेलं. म्हणजे कॅमेरे ठणठणीत आणि त्यांनी पाहिलेलं समजून घेणारं कोणी उरलं नाही. त्यामुळे एक नवीच जमात तयार झाली. एरवी सगळे अपडेटसाठी हटून बसतात; हे वैमानिक अपडेट आलं की वसुलीवाला दारात आल्यासारखे दिवे मालवून गप्प बसू लागले. विंडोजची २३एच२ ही आवृत्ती सोडू नका, स्टीम या खेळांच्या मंचावर नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालेल, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं. मरणाची तारीख अशी आधी कळणं हे भाग्य की शाप, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ऑक्युलसची मालक असलेल्या मेटाचं पत्र त्यामानाने सौम्य होतं. पहिल्या क्वेस्ट हेडसेटच्या मालकांना २०२३च्या सुरुवातीला कळवलं गेलं, की सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२४ पर्यंत मिळतील, नव्या सोयी मिळणार नाहीत आणि मार्चपासून या हेडसेटवरून मित्रांच्या पार्टीत सामील होता येणार नाही. थोडक्यात, घरात राहा, पण पंगतीला येऊ नका.

कंपन्यांची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही. सर्व्हरला वीज लागते, जुन्या सॉफ्टवेअरची भोकं बुजवायला पगारी माणसं लागतात, आणि मूठभर गिऱ्हाइकांसाठी हा खर्च जन्मभर कोणी करत नाही. दुकान बंद करावं. पण जाताना चावी खिशात घालून नेऊ नये. ती ठेवून जाता येते, हे ऑक्युलसमधल्या जॉन कार्मॅक यांनी दाखवलं. ऑक्युलस गो हा २०१८ सालचा १९९ डॉलरचा हेडसेट. २०२०मध्ये त्याची विक्री थांबली. कार्मॅक बरीच वर्षं कंपनीच्या आत भांडत राहिले आणि २०२१मध्ये त्याची कुलपं उघडणारी आवृत्ती बाहेर पडली. वीस वर्षांनी कुणाला अडगळीत न उघडलेला खोका सापडला, तर तोही चालावा, हा त्यामागचा विचार. असा विचार करणारा माणूस आपल्याकडे जन्मता, तर त्याच्या माळ्यावर काय काय निघालं असतं!

रिव्हर्बलाही असा एक भेटला. मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याने स्वतःच्या वेळात ‘ओएसिस’ नावाचा ड्रायव्हर लिहिला आणि २०२५मध्ये फुकट देऊन टाकला. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर माळ्यावर गेलेले हेडसेट पुन्हा खाली उतरतात. कड्यावरचं घर मात्र त्यात नाही.

या सगळ्या उमरावांत खरा चिवट निघाला तो पुठ्ठा. २०१४ साली गूगलच्या पॅरिसमधल्या दोघा अभियंत्यांनी पुठ्ठा आणि दोन भिंगं जोडून ‘कार्डबोर्ड’ केलं. गूगलने २०२१मध्ये ते विकणं बंद केलं. पुठ्ठ्याने याची दखल घेतल्याचं दिसत नाही. फोनवर दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं शेजारी शेजारी लावा, चित्राला खोली येतेच. त्याला फक्त पावसाळ्यापासून जपावं लागतं.

आणि निंटेंडोचा व्हर्च्युअल बॉय. १९९५मध्ये आला, वर्षाच्या आत गुंडाळला गेला. लाल आणि काळा एवढेच रंग, एकूण खेळ २२, आणि लोकांची मुख्य तक्रार अशी की डोकं दुखतं. म्हातारपणी याच्या आतल्या पट्टीदार तारेचा गोंद सुटतो आणि चित्रावर रेघा उमटतात. हौशी लोक झाकण उघडतात आणि तार डाग देऊन बसवतात. हा आजार दुकानदाराला न विचारता बरा करता येतो. मग सहा पेन्सिल सेल घालायचे, कार्ट्रिज खोचायचं. पंधरा ते तीस मिनिटांनी तो स्वतःच खेळ थांबवून, जरा विश्रांती घ्या, असं सुचवतो, आणि ऐकलं नाही तर १९९५ साली दुखायचं तितकंच डोकं आजही दुखतं, तेही लॉग-इन न करता.