काश्यपाच्या भिंतीवरची गर्दी

मराठी पर्यटक श्रीलंकेत उतरला की त्याची दोनदा निराशा होते. घड्याळ पुढेमागे करावं लागत नाही, म्हणजे परदेशात आल्याचा पहिला आनंदच हुकला. आणि बसच्या खिडकीतून दिसतात नारळ, केळी, फणस. 'हे तर आपलं कोकण!' असं कोणीतरी म्हणतंच. म्हणणारा बहुधा नागपूरचा असतो.

सिगिरियाला मात्र सगळेच माना वर करतात. सपाट जंगलातून उठलेला सुमारे २०० मीटरचा कातळ. बापाला मारून गादी बळकावलेल्या काश्यपाने पाचव्या शतकात त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. सह्याद्री चढल्याच्या बढाया विटा-चुन्याच्या सिंहाच्या पंजांपर्यंत टिकतात. पुढे लोखंडी जिना आहे आणि वर आग्या मोहोळं, म्हणून शांतता राखण्याची पाटी. 'आम्ही कुठे आवाज करतोय?' हे एक काका खाली राहिलेल्या काकूंना ओरडून सांगतात.

माथ्यावरून काश्यपाच्या बागा दिसतात. तिथली कारंजी पावसाळ्यात अजूनही उडतात. हे ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी गप्प होतात. त्यांचं कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं होतं.

खरी गंमत अर्ध्या वाटेवर आहे. तिथे कातळावर रंगवलेल्या सुंदरी आहेत आणि जवळच चुन्याच्या गिलाव्याची, एके काळी आरशासारखी घोटलेली भिंत. राजा गेला, राजवाडा ओस पडला आणि पर्यटक आले. त्यांनी भिंतीवर कविता कोरल्या! आठव्या ते दहाव्या शतकातली अशी ६८५ पद्यं पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. बरीचशी त्या सुंदरींना उद्देशून. त्या बोलत नाहीत, ही पुरुषांची तक्रार. काही बायकांनीही कोरलं, पण सुंदरींचं एवढं कौतुक त्यांना पटलेलं दिसत नाही.

आपल्या गडांवर बदाम आणि बाण कोरणाऱ्यांनी यातून स्फूर्ती घेऊ नये. ती मंडळी निदान वृत्तात लिहीत. शिवाय २०१५ मध्ये याच भिंतीवर नाव कोरणाऱ्या एका तरुणीला न्यायालयाने दोन वर्षांची कैद सुनावली होती. राष्ट्रपतींनी माफी दिली म्हणून ती सुटली. तेव्हा सुंदरींना पाहून चारोळी सुचलीच, तर ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. तिथले लोक सोसायला सरावलेले आहेत.